पाच-सहा थेंब

गेल्या वर्षीच्या एप्रिलातली गोष्ट. धुळ्यात सकाळी दहालाच ऊन डोक्यावर आलं होतं. कार्यालयाच्या आवारात स्कूटर लावली आणि तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ सोडायला गेले, तर तो गालावरून सुटेना. भिंतीला चिकटलेला ओला कागद सोलावा तसा तो हळूहळू सोलून काढावा लागला. मग स्कूटरच्या आरशात पाहिलं. दोन्ही गालांवर स्कार्फचे गुलाबी तंतू, नाकाच्या कडेला महामार्गाची धूळ आणि कपाळावर एक चिलट, पंख पसरलेलं, अजून हलत असलेलं.

मी नळावर तोंड धुतलं. बोअरच्या जड पाण्याने तो चिकटपणा आणखीच वाढल्यासारखा वाटला. तशाच तोंडाने आत जाऊन बसले. समोरच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, आज फार घाम आलाय तुम्हाला."

घाम नव्हता तो. ते सीरम होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने, मोजून, विश्वासाने लावलं होतं. याचाच मला संताप येत होता.

ते घेण्याची पाळी माझ्यावर का आली ते सांगते. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. गेली काही वर्षं दोन्ही गालांवर वांगाचे डाग पसरत चालले होते. ते कुणी तोंडावर बोलून दाखवत नसे, पण दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारायचं, "बरं नाही का?" मी ठणठणीत असायचे. पोट भरलेलं, झोप झालेली, फायली वेळेवर निकाली. तरी माझ्याकडे पाहून लोकांना दवाखाना आठवायचा. शेवटी एकदा मुलीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तेच विचारलं आणि माझा धीर सुटला.

मी रंगाने सावळी, सावळीच्या पुढची. शाळेत असताना स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीताला आमच्या बाईंनी गोऱ्या मुली पुढच्या रांगेत उभ्या केल्या होत्या. आम्हा बौद्ध वाड्यातल्या तिघींना मागे, पडद्याजवळ. गाणं मला सगळ्यांत चांगलं येत होतं. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, बाईंशी काय बोलले ते मला कधी कळलं नाही, पण मी पहिल्या रांगेत आले. त्यानंतर मी ठरवूनच चेहऱ्याला काही लावलं नाही. लग्नातही हळद तेवढी. पावडर नाही, क्रीम नाही. हा माझा हट्ट होता आणि तो मी तीस वर्षं पाळला. तो मोडला तो त्या "बरं नाही का"ने.

आग्रा रोडवर सौंदर्यप्रसाधनांचं एक मोठं दुकान आहे. मालकांना सगळे नाना म्हणतात. पूर्वी बांगड्या आणि रिबिनींचं लहान दुकान होतं, आता आत एसी आणि कंपन्यांचे वेगवेगळे काउंटर. एका काउंटरवर तिशीची एक बाई उभी होती. काळा गणवेश, केस घट्ट बांधलेले, आणि चेहरा असा चमकत होता की वरचे दिवे त्यात दिसावेत. मी नुसती थांबले, तर तिने माझ्या गालांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पिगमेंटेशन बरंच आहे, मॅडम. उशीर केलात."

उशीर केलात. जसा काही मी अर्ज मुदतीनंतर दाखल केला होता.

तिने माझ्या हाताच्या पाठीवर एक थेंब टाकला आणि चोळला. त्या थंडगार दुकानात तो छान मुरला. "सकाळ-संध्याकाळ पाच-सहा थेंब," ती म्हणाली. "कमी लावू नका, कमी लावलं तर परिणाम दिसत नाही." मी बाटली घेतली. चौकोनी खोकं, आत काचेची छोटी बाटली, रबराचा ड्रॉपर, आणि इतकी घडी घातलेला कागद की तो उघडायचाही कंटाळा यावा. मी तो उघडला नाही.

आठवडाभर रोज पाच-सहा थेंब. घरात एसी नाही, कूलर आहे. कूलरच्या दमट वाऱ्यात तोंड गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं लागायचं. उशीचा अभ्रा गालाला चिकटायचा. फोन कानाला लावला की पडदा धूसर व्हायचा. फाईल वाचताना गालाला हात लावायची सवय मला जुनी, तर कागदावर बोटांचे ठसे उमटू लागले. एका मंजुरी आदेशावर माझा अंगठा इतका स्वच्छ उमटला की साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं.

शनिवारी आईकडे गेले. ती भडगावजवळच्या आमच्या गावी राहते. अडीच तास बस, खिडकीची काच तुटलेली, रस्त्याचं काम चालू. मी दारात उभी राहिले तर आईने तांब्याभर पाणी हातात देण्याआधी माझ्या तोंडावरून बोट फिरवलं आणि ते धुळीने माखलेलं बोट स्वतःच्या डोळ्यांपुढे धरलं.

"हाई काय लाई लिधं वं?" ती म्हणाली. "बठ्ठी धूय चिकटी गयी शे."

मी म्हटलं, "औषध आहे, डागांवरचं."

तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोर लावून. मला रडू आलं नाही, राग आला. तिचा नाही. त्या बाटलीचा.

सोमवारी कार्यालय सुटल्यावर मी पुन्हा दुकानात गेले. तीच बाई. मी म्हटलं, "हे फार चिकट लागतं. काही चुकतंय का माझं?" आता लिहिताना या वाक्याची लाज वाटते. बाटली मी आणली होती, चिकट बाटलीतलं होतं, आणि चूक मी माझी शोधत होते.

ती गोड हसली. "चिकट लागतं म्हणजे काम करतंय, मॅडम. तुमच्या स्किनला अजून सवय नाही. इतकी वर्षं काही लावलं नाही ना तुम्ही? आता हे वरून लावा, म्हणजे सीरम आत बसेल." तिने एक क्रीम दिलं. मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी सीरम, त्यावर ते क्रीम. चोळायला लागले तर खोडरबराचा चुरा पडतो तशा पांढऱ्या बारीक वळ्या गालावरून सुटू लागल्या. पुसाव्यात तितक्या वाढत होत्या. चार दिवसांनी हनुवटीवर खाज सुटली आणि मोहरीएवढे दाणे आले. डाग होते तिथेच होते, त्यांना आता शेजार मिळाला होता.

तिसऱ्या वेळी मी शनिवारी दुपारी गेले, सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम वेळ काढून. बाटली आणि क्रीम पर्समध्ये. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती. मी काउंटरवर बाटली ठेवली आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे माझ्या तोंडाचं काय केलंय ते बघा. तुम्ही सांगितलं तसं लावलं, एक दिवस चुकवला नाही. मी सरकारी नोकरीत आहे, मला लेखी उत्तर हवं."

दोन बायका वळून पाहू लागल्या. काउंटरवरच्या बाईने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा माझ्यासोबत येता?"

आतापर्यंत मी मॅडम होते. ताई म्हटल्यावर मी गेले.

मागे मालाची खोली होती. खोक्यांच्या मध्ये एक स्टूल, एक आरसा. तिने दार लोटलं, कापसाचा बोळा ओला केला आणि स्वतःचा चेहरा पुसायला लागली. एक बोळा, दुसरा, तिसरा. चमक उतरली, खालचा रंग उतरला, आणि मला तिचा चेहरा दिसला. हनुवटीपासून कानापर्यंत लाल दाणे, काही फुटलेले. कपाळावर खपल्या. माझं जे झालं होतं ते त्यापुढे काहीच नव्हतं.

"दहा वाजता लावते, आठ वाजता काढते," ती म्हणाली. "तीन थर लावावे लागतात. सकाळी फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा. चेहरा चमकला नाही तर फोन येतो."

"खाजत नाही?"

"खाजवता येत नाही ना, ताई. गिऱ्हाइकासमोर."

मी त्या स्टुलावर बसले. इतका वेळ जमवून आणलेला राग कुणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर काढायला आले होते, आणि ती माझ्यापुढे धुतलेल्या तोंडाने उभी होती.

मग ती म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. दोनच थेंब लावायचे असतात. तोंड ओलं असताना. पाच-सहा सांगितले की बाटली महिन्यात संपते आणि गिऱ्हाईक परत येतं. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय. आणि चिकट लागतं म्हणून कुणी आलं की क्रीम द्यायचं."

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागदावर दोन-तीनच लिहिलंय."

मी घरी येऊन तो घडीचा कागद उघडला. इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, पण लिहिलेलं होतं. दोन ते तीन थेंब, ओलसर त्वचेवर. दाह झाल्यास वापर थांबवावा. मी प्रत्येक शासन निर्णय तळटीपेपर्यंत वाचते. वडिलांनी लावलेली सवय, न वाचता कशावर सही करायची नाही. आणि स्वतःच्या तोंडाला लावायच्या गोष्टीचा कागद मी उघडला नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण नंतर विचार केला, की मी निदान इंग्रजी वाचू शकते. आई काय करणार होती? दुकानात सोनगीर, शिरपूर, साक्रीकडून खरेदीला आलेल्या त्या बायका काय करणार होत्या? जाहिरात मराठीत. इतकी सुरेख मराठी की ऐकत राहावं. आणि कसं लावायचं ते मात्र इंग्रजीत, भिंग घेऊन वाचावं असं. ज्या माणसाला जाहिरात मराठीत करता येते त्याला सूचना मराठीत करता येत नाहीत यावर माझा विश्वास नाही.

मी कंपनीला अर्ज लिहायला बसले. माझं आयुष्य अर्जांत गेलंय, त्यामुळे हात चालला. विषय, संदर्भ, तीन मुद्दे. पहिला थेंबांचा, दुसरा मराठी सूचनांचा, तिसरा काउंटरवरच्या महिला कर्मचाऱ्यांच्या त्वचेचा. मसुदा घेऊन मी सोमवारी तिच्याकडे गेले. तिने उभ्या उभ्या वाचला आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

"हे नको, ताई."

"का नको? हेच तर खरं महत्त्वाचं आहे."

"तुम्ही लिहाल आणि घरी जाल. फोन मला येईल." ती शांतपणे म्हणाली. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला होता, सहा महिन्यांपासून कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालत होता. दोन मुलं. सासू अंथरुणावर. हे तिने तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, जसं मी एखाद्याला रजेचे नियम सांगते तसं सांगितलं.

मला तेव्हा तिचा थोडा रागच आला. आपण कुणासाठी तरी लढायला निघावं आणि त्यानेच थांबवावं याचा. घरी येताना स्कूटरवर तो राग ओसरला. लढाई तिची होती, नोकरी तिची जाणार होती, आणि बहादुरी मी दाखवत होते. तिसरा मुद्दा मी काढून टाकला. माझ्या नावाने, फक्त गिऱ्हाईक म्हणून, दोन मुद्द्यांचा अर्ज ईमेलने पाठवला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. इंग्रजीत. माझ्या त्वचेच्या प्रवासात ते माझ्यासोबत आहेत, असं त्यात होतं. प्रत्येकाची त्वचा वेगळी असते, असं होतं. थेंबांबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी दिलगिरी म्हणून पुढच्या सीरमवर सवलत दिली होती. मी ते पत्र दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत टोलवाटोलवीची हजारो पत्रं मी वाचली आहेत, काही स्वतः लिहिलीही आहेत, पण त्यांत निदान मूळ अर्जाचा आवक क्रमांक तरी असतो.

त्याच संध्याकाळी मी पत्राची प्रत आणि तो घडीचा कागद घेऊन थेट नानांकडे गेले. सत्तरीचे गृहस्थ, गल्ल्यावर बसलेले, पांढरा सदरा, चष्मा दोरीला. मी सगळं सांगितलं. पाच-सहा थेंब, क्रीम, दाणे, पत्र. त्यांनी कागद भिंगाखाली धरला. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं, हळूहळू. एका ओळीवर ते थांबले.

"इथं तर दोन-तीन लिहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"आणि सांगतात पाच-सहा?"

"तसं शिकवतात."

ते काउंटरकडे वळले आणि त्यांनी तिला हाक मारली. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, पण त्या काउंटरवर ती एकटीच होती. ती आली. नानांनी कागद तिच्यापुढे धरला.

"हे खरं आहे का, बेटा?"

ती काही बोलणार नाही असं मला वाटलं. बोलू नये असंही वाटत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गल्ल्यावरच्या तांब्यातलं पाणी रुमालावर ओतलं आणि नानांच्या समोर, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, एका बाजूचा गाल पुसून काढला.

"खरं आहे, नाना," ती म्हणाली. "आणि हे पण बघा."

नानांनी वाकून तो गाल जवळून पाहिला. मग म्हणाले, "हे माझ्या दुकानात झालं?"

"तुमच्याच दुकानात. वर्ष झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

नानांना ते लागलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, की माझ्या दुकानात उभी राहणारी बाई तोंडाला काही लावणार नाही, आणि गिऱ्हाइकाला कागदावर आहे तेवढंच सांगितलं जाईल. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. नाना मधूनमधून फक्त "नाही" म्हणत होते.

शेवट सगळा चांगला झाला असं लिहायला मला आवडलं असतं. ती कंपनीच्या पगारावर होती, नानांच्या नव्हे. आठ दिवसांत तिला कळवण्यात आलं, की उद्यापासून यायची गरज नाही. कारण दिलं नाही. नानांनी तिला दुकानाच्या नोकरीवर घेतलं, मागच्या बाजूला, बांगड्या आणि केसांच्या पिनांच्या काउंटरवर. पगार जवळजवळ निम्मा. कंपनीने तिच्या जागी दुसरी मुलगी पाठवली. नानांनी तिला चेहरा कोरडा ठेवायला सांगितलं, ते तिने ऐकलं, पण महिन्याभरात कंपनीने आपला काउंटरच हलवला, समोरच्या नव्या मॉलमध्ये. तिथे नाना नाहीत.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते माझ्याने राहवलं नाही म्हणून, उपकार म्हणून नाही. डॉक्टरबाईंनी तिचा चेहरा पाहिला, माझाही पाहिला, आणि दोघींना एकच सांगितलं: महिनाभर काहीही लावू नका, साध्या पाण्याने धुवा, उन्हात तोंड झाका. मला म्हणाल्या, वांग आहे, राहील, वाईट काही नाही. बाहेर रिक्षाची वाट पाहताना मी तिला विचारलं, "माझ्यामुळे झालं हे सगळं. राग येतो का माझा?"

तिने थोडा विचार केला. "पहिले पंधरा दिवस आला," ती म्हणाली. "घरात रोज पगारावरून बोलणं व्हायचं. पण ताई, गाल मी पुसला होता. तुम्ही नाही."

रिक्षा आली, आणि मी तिच्या शेजारी बसले.

यंदा रमजान ईदला तिने घरी बोलावलं. मालेगाव रस्त्याकडच्या वस्तीत दोन खोल्या, भिंतीला ताजा पोपटी रंग. तिने शिरखुर्मा पुढे ठेवला. तिचा चेहरा साफ झाला होता, गालावर दोन-तीन खळगे राहिलेत, ते बहुधा राहतील. नवऱ्याने सासूला उशी लावून बसवलं, तीही आमच्यात होती. त्यांची मुलगी आठवीत आहे. ती आईचा फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि मला एक रील दाखवू लागली. त्यात एक मुलगी, आमच्याच भागातली असावी, आमच्याच अहिराणीत, हसत हसत, काचेची बाटली हलवून सांगत होती, की चेहरा आठ दिवसांत बदलतो. भाषा अस्सल होती. माझी आई बोलते तशी.

"आंटी, हे चांगलं असतं का?" मुलीने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर एक पुटकुळी नव्हती.

मी उत्तर देणार तेवढ्यात तिची आई स्वयंपाकघरातून आली. तिने फोन घेतला, रील शेवटपर्यंत बघितली, मुलीकडे परत दिला आणि म्हणाली, "या रीलमधल्या पोरीला विचार, कागदावर काय लिहिलंय. हिला माहीत आहे का ते विचार."

मुलगी रीलखाली ते खरोखरच टाइप करू लागली. मी तिला जोडाक्षरं सांगितली. सासूने मध्येच विचारलं, शिरखुर्मा गोड झालाय ना. उत्तर आलं की नाही ते मी त्या दिवशी बघितलं नाही. आम्ही जेवलो, आणि मी सहाच्या आत घरी निघाले.